नाकासमोर

प्रेस्टन. एकोणीसशे अठ्ठावन्नचा फेब्रुवारी.
नर्सरीत अठरा पाळणे, पैकी पाचांत पू.
बेंबीशी, काखेत, मानेच्या वळीत
मोत्याएवढे फोड.
मोती म्हणायला नको, पण तसेच दिसत.

आणि सगळं पाचव्या दिवशी.
आमच्याकडे पाचवीला सटवाई येते,
पाटावर तिच्यासाठी कोरा कागद ठेवतात, टाक ठेवतात.
इथे मी गेले, मिरजेची तांबवेकर,
जिला लॅबमध्ये सगळे मिस टॅम म्हणत,
कापसाच्या काड्या आणि शिसपेन्सिल घेऊन.
ती लिहून गेली होती. मी वाचायला.

काय काय पुसलं मी!
लोकरीची पांघरुणं, वजनकाट्याचा पत्रा,
टाल्कमच्या डब्याची भोकं,
नळाचं तोंड,
डॉक्टर पिल्किंग्टनांचा टाय (ते हसले),
फरशी पुसायच्या बादलीतलं पाणी,
खिडकीच्या फळीवर बसलेली गिरणीची काजळी.
काजळी निर्दोष निघाली.
बिचारी नुसतीच काळी.

मग उरली माणसं.
म्हणजे नाकं.

मराठीत नाकाला किती कामं:
मुरडायचं, खुपसायचं, घासायचं,
मुठीत धरून शरण जायचं,
आणि काही चुकलंच तर कापून घ्यायचं.
पण नाकात कोणी राहतं,
भाडं न देता, ताप न देता, वर्षानुवर्षं,
याला आपल्याकडे म्हण नाही.

तेवीस बायकांनी माझ्यासमोर माना मागे टाकल्या.
कोणाला शिंक आली, कोणाला हसू.
शिकाऊ डोरीन आधीच रडली, "मीच असणार, मिस."
चोविसावी काडी मी स्वतःच्या नाकात फिरवली.

ताटलीवर जंतू वाढू द्यायचे, साय धरेल इतके.
सायीवर विषाणूंचे थेंब सोडायचे ओळीने,
ठिपक्यांची रांगोळी, रेघा मारायच्या राहिलेली.
जो थेंब जंतूला खातो
तिथे साय फाटते, खालचं निर्मळ दिसतं.
कुठले ठिपके फाटले, त्यावरून वाण.

पाचही बाळांची रांगोळी एक.
आणि तीच अकराव्या ताटलीत.

अकरा म्हणजे सिस्टर एंटविसल.
एकोणीस वर्षांत रजा नाही.
बाह्या कोपरापर्यंत, हात इतके धुतलेले
की बोटांच्या सांध्यांवर भेगा.
सरळ नाकासमोर चालणारी बाई.
जे बाळ दूध ओढत नसे
त्याला घेऊन ती रात्रभर बसे,
तोंडाशी तोंड नेऊन श्वास ऐकत.
मी वहीत लिहिलं: संपर्क, दीर्घ.

मेट्रनच्या खोलीत तिला सांगितलं.
ती म्हणाली, "कुठली कुठली बाळं?"
मी नावं वाचली. नावं कसली, आडनावंच,
बेबी क्रॉस्टन, बेबी लीमिंग...
बेबी ऑग्डेनसमोर पेन्सिलीची आडवी रेघ होती.
ती मी वाचली नाही.
टेबलापलीकडून, उलटी, तिने वाचली.

"आणि आधीची? एकोणीस वर्षांतली?"

याचं उत्तर ताटलीत वाढत नाही.
मी म्हटलं, हा वाण नवा असावा, बहुधा.
'बहुधा' इतकं हळू म्हटलं
की मेट्रनने पुन्हा विचारलं.

तिला मलम मिळालं, दोन्ही नाकपुड्यांत, दिवसातून तीनदा,
आणि तळघरात चादरी मोजायचं काम.
माझ्या काडीवरही सोनेरी ठिपके उगवले होते.
वेगळा वाण. सभ्य.
मला मलम कोणी दिलं नाही.

एप्रिलमध्ये ती फिशरगेटच्या बसथांब्यावर दिसली.
कोणी बाबागाडी वळवून तिच्यापुढे आणली,
"सिस्टर! ओळखलंत का हिला?"

तिने रुमाल नाकाशी नेला,
दोन पावलं मागे सरली, थेट भिंतीपर्यंत,
आणि तिथूनच, मान तिरकी करून,
विचारलं, "दूध घेते ना नीट?"